तपकीर का गुणगुणते

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. एरवी आपण हा शब्द सवयीने लिहितो आणि खुर्चीत बसून राहतो, पण या वेळी तो अगदी खराखुरा आहे, कारण हे पत्र मी पलंगावर पालथा पडून लिहितोय. कंबरेत उसण भरली आहे. (काळजी करू नकोस. म्हणजे थोडी कर, पण भाचीला सांगू नकोस, नाहीतर ती फोनवर मला व्यायाम शिकवत बसेल आणि मी इकडे नुसता 'हो हो, केला, केला' म्हणत पडून राहीन.)

तुझे गुडघे कसे आहेत? भाचीच्या घराला जिने फार आहेत असं ऐकून आहे. उतरताना कठडा धरतेस ना? जावईबापू, नातवंडं सगळी मजेत असतील. इकडचं सगळं ठीक आहे. स्टुडिओ ठीक, घर ठीक, छप्पर जिथे गळत होतं तिथेच इमानाने गळतंय. तुझ्या दोन्ही अल्पाका, तपकीर आणि कापशी, ठणठणीत आहेत, दोघी एकाच गोठ्यात आहेत आणि दोघी व्यवस्थित खातपीत आहेत.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम आधी लिहून टाकलं. पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली व्हायला लागला की मागे येऊन ते पुन्हा वाचत जा. दोघी एकाच गोठ्यात आहेत यात बातमी ती काय, असं तुला वाटेल. बातमी अशी की मध्यंतरी नव्हत्या. तुझ्या माघारी मी कापशी बेकरीवाल्या बाईंना देऊन टाकली होती. लिहिलं एकदाचं. आता तू चष्मा काढून पदराने पुसशील, पुन्हा लावशील आणि तेच वाक्य पुन्हा वाचशील. ते तसंच आहे ताई, पुसून बदलणार नाही.

पण हे झालं कसं ते पहिल्यापासून सांगायला हवं, आणि पहिल्यापासून म्हणजे माझ्या गर्वापासून. तुला माहीतच आहे, उभी हयात मी माणसांचे चेहरे बघण्यात घालवली. पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस परदेशी आनंदाने चाललाय की घरच्यांना कंटाळून, हे मी त्याच्या भुवयांवरून ओळखतो. लग्न ठरलेली जोडी समोर बसली की त्यांचं पटणार की नाही हे माना किती कलल्या त्यावरून सांगतो. (अंदाज चुकल्याचं सांगायला आजवर कोणी परत आलेलं नाही, याचा अर्थ मी नेहमी बरोबरच असतो असा मी लावत आलो.) तेव्हा मेंढीची लोकर आणि उंटाची मान असलेल्या दोन अल्पाका वाचायला आपल्याला काय लागतंय, असं मला मनापासून वाटलं. चेहरा आहे, डोळे आहेत, पापण्या तर आपल्या गावातल्या कुठल्याही नवरीपेक्षा लांब आहेत. मग राहिलं काय?

निघताना फाटकापाशी तू मला काहीतरी सांगत होतीस. मी तुझ्या बॅगेच्या तुटलेल्या पट्ट्याशी झटत होतो, त्यामुळे अर्धंच ऐकलं. 'त्यांच्या डोक्याला हात लावू नकोस' हे ऐकलं आणि सोडून दिलं. 'टक लावून बघू नकोस' हेही ऐकलं, पण ज्याने आयुष्यभर टक लावून बघण्याचेच पैसे घेतले त्याला हे सांगायचं म्हणजे काय! 'घमेली लांब लांब ठेव' हे ऐकून मी मनात म्हटलं, हिचं आपलं सगळ्यातच काहीतरी. आणि चौथं काय म्हणालीस ते मला ऐकूच आलं नाही. पट्टा तेव्हा नेमका बसला होता आणि मी म्हणालो, 'झालं बघ!' तू म्हणालीस, 'बरं.' ते चौथं वाक्य काय होतं ते आता मला कळलं आहे, पण त्यासाठी आधी माझी कंबर जावी लागली.

तू गेलीस आणि मी कामाला लागलो. दोन घमेली घासण्यापेक्षा एक घासणं सोपं, म्हणून एकाच घमेल्यात दोघींचा दाणा ओतला. त्या जेवताना समोर स्टूल टाकून, कॅमेरा लावून, टक लावून बघत बसलो. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी तपकिरीने अशी काही पोझ दिली की मी थक्क झालो. हनुवटी वर, कान मागे, शेपूट किंचित उचललेलं. ताई, लोकांना 'हनुवटी जरा वर घ्या' असं सांगून सांगून माझा घसा बसला, आणि इथे हे जनावर न सांगता हनुवटी वर करून उभं! मी म्हटलं, हे खरं गिऱ्हाईक. खटका दाबला, आणि त्याच क्षणी माझ्या लेन्सवर, चष्म्यावर आणि उघड्या तोंडात काहीतरी हिरवट, कोमट, आंबूस येऊन पडलं. वास काय होता ते लिहीत नाही, तू जेवायच्या आधी पत्र वाचत असशील. (जेवल्यावर वाचत असलीस तरी लिहीत नाही.)

मला वाटलं, चुकून शिंकली. नाव तपकीर, शिंक यायचीच. तोंड धुऊन परत आलो तर बाईसाहेब खालचा ओठ लोंबता सोडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, वा, हसतेय! ओशाळून हसतेय. तोही फोटो घेतला. तेवढ्यात ती कापशीकडे वळली, तर कापशीने मान पार खाली घातली, गुडघे वाकवले आणि शेपूट उलटं पाठीवर घेतलं. मी म्हटलं, काय हा विनय! आजकाल माणसांत बघायला मिळत नाही. तोही घेतला. हे तिन्ही फोटो मी मोठे करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावले, गेल्या वर्षीच्या नवरीला काढून. खाली सुंदर अक्षरात लिहिलं : 'स्वाभिमान', 'स्मितहास्य', 'विनय'. लोक थांबून बघायचे. सलूनवाला तर दुकान सोडून आला आणि म्हणाला, 'काका, जनावरात पण केवढं असतं नाही?' मी नुसती मान हलवली, जाणकार हलवतात तशी.

पण रोज घमेलं ठेवलं की दोघींची जुंपायची. फिस्स, थू, कान मागे, पुन्हा थू. मधे मी. शर्ट धुऊन धुऊन माझे हात सोलवटले. आणि मग मी माझ्या अनुभवी नजरेने निष्कर्ष काढला की यांचं एकमेकींशी पटत नाही. एकत्र राहण्यात दोघींचेही हाल आहेत, केवळ सवय म्हणून एका गोठ्यात दिवस काढतायत. वेगळ्या केल्या तर दोघी सुटतील. बेकरीवाल्या बाईंच्या भट्टीमागे मोठं अंगण आहे आणि त्यांना जनावरांचा लळा आहे, हे तुला ठाऊक आहे. मी शब्द टाकला, त्या हरखल्या आणि आपल्या पावाच्या टेंपोतून कापशीला घेऊन गेल्या. जाताना कापशी मान वळवून वळवून बघत होती. मी हात हलवून निरोप दिला. मला वाटलं, माझे आभार मानतेय.

आणि त्याच दुपारी तपकीर गुणगुणायला लागली. ताई, तू घरात होतीस तेव्हा हा आवाज मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. नाकातून येणारा, बारीक, लांबवलेला 'म्म्म्', शेवटी किंचित वर जाणारा, कुणी प्रश्न विचारावा तसा. मला इतका आनंद झाला! म्हटलं, बघा, मोकळी झाली आणि गाऊ लागली. मी अंगणात खुर्च्या मांडल्या. सलूनवाल्याला बोलावलं, शेजारच्या मास्तरांना बोलावलं. चहा केला. मी पत्र्याच्या डब्यावर हलकासा ठेकाही धरला. मास्तर म्हणाले, आवाजात आर्तता आहे. मी म्हटलं, अहो, आर्तता नाही, ही खुशी आहे, खुशीलाही खोली असते. (हे वाक्य मला त्या वेळी इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.) मैफल संपली, सगळे घरी गेले, खुर्च्या आत घेतल्या, तरी ती गातच होती.

दुसऱ्या दिवशीही गात होती. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की घमेलं जसंच्या तसं आहे. गवत नुसतं हुंगलेलं. ती फाटकाला नाक लावून उभी, दोन्ही कान रस्त्याकडे. टेंपोचा आवाज आला की मान उंच व्हायची, आवाज लांब गेला की पुन्हा गुणगुण. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर झटकन मागे सरली, पण थुंकली नाही. खरं सांगतो ताई, ती थुंकली असती तर मला बरं वाटलं असतं. तेव्हा कुठे मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

या बाई वयाने भाचीएवढ्या, पण बोलणं असं की आपण शाळेत चूक उत्तर देऊन उभे आहोत असं वाटावं. त्या येताना स्टुडिओवरून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, 'काका, काचेतला तो पहिला फोटो काढल्यावर तुमच्या अंगावर थुंकली का हो?' मी चकित. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, 'हनुवटी वर, कान मागे, शेपूट वर. थुंकीन म्हणून सांगतेय ती. याहून स्पष्ट कसं सांगणार? बोर्ड लावणार का?' आणि हसतेय तो? 'हसत नाहीये. पोटातलं आंबट वर आलं की तोंड कडू होतं, ओठ लोंबतो. तुम्ही पित्त झालेल्या बाईचा फोटो काढलाय.' तिसऱ्याचं मी विचारलंच नाही, पण त्यांनी सांगितलं. मान खाली, शेपूट पाठीवर म्हणजे मी लहान आहे, मला मारू नका. विनय कसला, घाबरलेली पोर होती ती. मग मी त्यांना भांडणांचं आणि त्या एकाच घमेल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, 'एकाच ताटात जेवायला घातलंत तर कुणीही भांडेल. सख्ख्या बहिणीसुद्धा. भांडण दाण्याचं होतं, काका, एकमेकींशी नव्हतं.'

मी विचारलं, आणि हे गाणं? त्यांनी तपकिरीच्या लोकरीत हात घालून पाठीचं हाड चाचपलं. मग म्हणाल्या की गुणगुणणं दर वेळी खुशीचं नसतं. कधी असतं, पण कुणी नजरेआड झालं, काळजी लागली, काय चाललंय ते कळेना झालं की यांचा असाच आवाज निघतो. त्या विचारत असतात, तू कुठे आहेस? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतात. एकटी पडली की खाणं सोडते. आणि वर आजार लपवण्यात पटाईत, कळपात अशक्त दिसलं की धोका, म्हणून पाय लटपटायला लागले तरी ताठ उभ्या राहतात. लोकरीमुळे बघणाऱ्याला काही कळतही नाही. 'हिच्या अंगावर फार उरलेलं नाही. आजच्या आज दुसरीला आणा.'

तडक निघालो. बेकरीवाल्या बाईंनी कापशीच्या तोंडाला म्होरकी चढवून दोर माझ्या हातात दिला. त्यांचेही डोळे भरले होते, पण सुटल्यासारखंही वाटलं असावं, कारण कापशी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि पाव घ्यायला येणारी मुलं तिला 'रुसूबाई' म्हणायची. मी दोर धरून पुढे, ती मागे. सलूनपर्यंत आलो आणि तिथे भर रस्त्यात तिने आधी पुढचे पाय मुडपले, मग मागचे, चारी पाय पोटाखाली घेतले आणि बसली. ताई, एकदा बसलेली अल्पाका म्हणजे काय असतं हे तुला सांगायला नको. मी ओढलं. मी गोंजारलं. मी 'अगं चल की' म्हटलं, मग 'अहो चला की' म्हटलं. मागे पाण्याचा टँकर अडला, टँकरमागे मास्तरांची सायकल, सायकलमागे एक रिक्षा, आणि रिक्षात बसलेली एक आजारी बाई बरी होऊन खाली उतरून बघायला आली. जो तो सल्ला देत होता. वाहतुकीच्या हवालदाराने येऊन जोरात शिट्टी फुंकली, तर कापशीने घाबरून अशी काही कर्कश किंकाळी मारली की हवालदाराने शिट्टी तोंडातून काढून तिच्याकडेच संशयाने बघितलं.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. तिला उचलायला गेलो. माझं वय, तिचं वजन आणि रस्त्याचा उतार यांचा काहीही विचार न करता तिच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, आणि कंबरेत 'कट्' असा आवाज झाला. तो सलूनवाल्याला आत, रेडिओ चालू असताना ऐकू आला म्हणे. मी जागच्या जागी तिच्याशेजारी आडवा झालो. आधी रस्ता एकीने अडवला होता, आता दोघांनी. हवालदाराने कुणाला उठवावं याचा बराच विचार केला.

रस्त्यावर पालथं पडून मला पहिल्यांदाच कापशीचा चेहरा तिच्या उंचीवरून दिसला. लेन्सशिवाय. कान आडवे पडलेले, डोळ्यांखाली लोकर ओली झालेली, आणि अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल असा तोच आवाज. म्म्म्? मी काही टक लावून बघितलं नाही. तोंड दुसरीकडे केलं आणि सलूनवाल्याला ओरडून सांगितलं की पळ, घरी जा, फाटक उघड आणि तपकिरीला सोड. तो गेला. परत आला तो तिला घेऊन नाही, तीच त्याला घेऊन आली, दोर ताणून, त्याची एक चप्पल कुठेतरी गळलेली. तिने गर्दीत कुणाकडे बघितलं नाही. सरळ आली, मान खाली केली आणि कापशीच्या नाकाला नाक लावलं. कापशीचे कान पुढे झाले. मग ती उठली, आधी मागून, मग पुढून, आणि दोघी कुणी दोर न धरता घराकडे चालायला लागल्या. रस्ता मोकळा झाला. मला मात्र सलूनच्या बाकावर घालून हवालदार आणि टँकरवाल्याने घरी आणलं. रस्त्याने मुलं विचारत होती, काका गेले का? (मीच मान वर करून 'नाही' म्हणालो, तेव्हा एक पोरगं रडायला लागलं.)

तेव्हापासून मी असा पडून आहे. फाटकापाशी तू चौथं म्हणालीस ते हेच ना, 'दोघींना वेगळं करू नकोस'? आता घमेली दोन आहेत, अंगणाच्या दोन टोकांना. (मास्तर येऊन ठेवतात आणि लगेच लांब पळतात.) फोटो काचेतून काढायला लावले. तिथे काय लावावं म्हणून सलूनवाल्याला जुन्या फोटोंचा खोका पलंगावर आणून द्यायला सांगितलं, तर त्यात तू निघालीस त्या दिवशीचा फोटो सापडला. फाटकापाशी तू, दोन्ही बाजूंना या दोघी. मी तुला म्हणालो होतो, 'जरा हस की!' आणि तू हसलीस. ताई, मी तो फोटो आता नीट बघितला. तुझी हनुवटी वर आहे. ओठ हसतायत पण बॅगेचा दांडा धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली आहेत. आणि दोन्ही अल्पाकांचे कान तुझ्याकडे वळलेले आहेत. त्या दोघींना कळलं होतं. कॅमेरा माझ्या हातात होता, आणि मला कळलं नाही.

भाचीचं पत्र आलं होतं, कायमची इकडेच ये म्हणून. तू जेवणाच्या टेबलाशी बसून ते मला वाचून दाखवलंस आणि विचारलंस, 'मग मी काय करू? जाऊ का?' मी पासपोर्टचे फोटो कातरत होतो. वरसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, 'जा की. इथे काय अडलंय तुझं?' तू पत्राची घडी घातलीस आणि म्हणालीस, 'खरंच, काय अडलंय.' मला वाटलं, आपलं एकमत झालं. आपण रेडिओच्या आवाजावरून भांडतो, चहाच्या गाळणीवरून भांडतो, खिडकी उघडी की बंद यावरून भांडतो. मी आपला निष्कर्ष काढला की आपलं पटत नाही, तू लेकीकडे सुखात राहशील, दोघंही सुटू. निष्कर्ष काढण्यात मी किती वाकबगार आहे ते तू वर वाचलंच आहेस.

त्यानंतर सामान भरताना तू गुणगुणत होतीस. कपाट उघडताना, साड्यांच्या घड्या घालताना, लोकरीचे गुंडे पिशवीत ठेवताना, सारखं. मला ते स्वच्छ आठवतंय, कारण मी सलूनवाल्याला मुद्दाम दारात उभं करून ऐकवलं होतं आणि म्हटलं होतं, 'बघ, ताई किती खुशीत आहे!' ताई, तू गाणारी बाई नाहीस. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा तू नुसते ओठ हलवायचीस. हे मला ठाऊक असून मी असं म्हणालो. मला फार वाईट वाटतं. याहून निराळं, चांगल्या शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, पण पालथं पडून चांगले शब्द सुचत नाहीत. मला फार वाईट वाटतं, एवढंच आहे.

तपकीर अजून गुणगुणते. कापशी आली, खाणं सुरू झालं, तरी संध्याकाळी फाटकापाशी उभी राहून गुणगुणतेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कळपात अजून कोणी कमी आहे का? मी म्हटलं, बघून सांगतो. तेव्हा निदान जनावरांसाठी तरी एकदा येऊन जा. शिवाय लोकर कातरायची वेळ झाली आहे, आणि सलूनवाला 'काका, मी करतो, आपल्याकडे मशीन आहे' म्हणून मागे लागलाय. मी किती दिवस थोपवून धरू? तो दोघींना 'मीडियम कट' देणार म्हणतोय.

भाचीला आणि जावईबापूंना आठवण सांग, नातवंडांना पापा. गुडघ्यांना जप.

तुझा,
(कंबरेखेरीज बाकी बरा असलेला)
धाकटा

ता. क. तू विणलेला मफलर मी 'टोचतो' म्हणून ट्रंकेत टाकला होता. सध्या तो कंबरेला बांधला आहे. अजिबात टोचत नाही. कधी टोचत होता ते आठवायचा प्रयत्न करतोय, आठवत नाही.

ता. क. २. तू टेबलाशी जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी घाईत दिलं. ते रद्द समज. इथे बरंच अडलंय. रेडिओ मी तेव्हापासून लावलेला नाही, कारण 'बारीक कर' म्हणायला कोणी नाही आणि मग तो कितीवर ठेवायचा तेच कळत नाही. गाळणी तुझीच वापरतोय. तू म्हणत होतीस ते खरं आहे, माझ्या गाळणीतून चोथा पडतो.

ता. क. ३. पाकीट बंद करणार होतो, पण वर एक खोटं लिहिलं आहे ते तसंच पाठवणं बरं नाही. तपकीर गुणगुणत नाही. डॉक्टरीणबाई आज येऊन फाटकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि दोघी गप्प बसून रवंथ करतायत, अगदी खुशाल आहेत, असं सांगून गेल्या. कळपाबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं, ते मीच घातलं. मी म्हटलं, पण मला आवाज येतो हो, घरभर येतो. मग सलूनवाला कंबरेला तेल चोळायला आला. चोळता चोळता म्हणाला, 'काका, हे गाणं कुठलं?' मी म्हटलं, कुठलं? म्हणाला, 'हेच, तुम्ही म्हणताय ते. ताई गेल्यापासून चाललंय तुमचं.' मी म्हटलं, गाणं नाही रे ते.

येणार असलीस तर गाडी कळव. न्यायला आम्ही तिघंही येऊ.